आठ माईक, एक टाळ

घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यानं रेकॉर्डिंगचं यंत्र कोणतं घ्यावं, यावर एक लेख हवा, असं संपादक म्हणाले. पुण्या-मुंबईत या प्रश्नाचं उत्तर ठरून गेलेलं आहे: लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक माईक आणि बंद दार. त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मला पाहायचं होतं ते दुसऱ्या टोकाचं घर, जिथं संगीत करायला एकटा माणूस पुरतच नाही. म्हणून करकंब गाठलं.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव, पंढरीच्या उत्तरेला. आषाढीच्या तोंडावर त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी करमाळा, जेऊर, कंदर करत याच वाटेनं पंढरपूरला उतरते. सावता माळ्यांचं अरणही इथून फार लांब नाही. या टापूत स्वतःला ‘हौशी संगीतकार’ म्हणवणारा माणूस भेटणं कठीण, पण रात्री जेवणं उरकून मंडळी देवळाच्या सभामंडपात जमतात. बुवा, पेटीवाले, मृदंगवाले, विणेकरी आणि मागं दहाबारा टाळकरी. एकादशीला बैठक लांबत जाते. हेच इथलं घरचं संगीत.

ज्या मंडळाकडे गेलो, त्यांनी वर्गणी काढून एक यंत्र घेतलंय. हिशेबाच्या वहीएवढी रुंद, जरा जाड पाटी. वर आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरची रांग, मागच्या कडेला माईकच्या आठ जागा, पोटात सहा पेन्सिल सेल आणि एक मेमरी कार्ड. सांभाळतो मंडप-साउंडचा धंदा करणारा एक तरुण. लग्नसराईत त्याचे भोंगे आणि डीजे, एरवी हे यंत्र. गावात त्याला ‘ऑपरेटर’ म्हणतात. बुवा त्याला ‘माउली’ म्हणतात, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

या यंत्राचा जन्म कुठल्या घरात झाला, ते आधी पाहायला हवं, कारण निवडताना होणारा घोळ तिथूनच सुरू होतो. एका टेपवर वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यायचे आणि मागाहून जुळवायचे, ही कल्पना रुजवण्यात अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवाल्याचा मोठा वाटा. 1957 मध्ये अँपेक्स कंपनीनं त्याला आठ ट्रॅकचं यंत्र बनवून दिलं. ते कपाटाएवढं होतं. 1979 मध्ये जपानच्या टॅस्कॅमनं ‘पोर्टास्टुडिओ 144’ काढला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक टेबलावर आले. 1982 च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर कच्ची गाणी रेकॉर्ड केली. पुढं वाद्यवृंदासह करून पाहिली, तर कच्चीच सरस ठरली आणि ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्या कॅसेटवरून निघाला. 1996 मध्ये रोलंडचं व्हीएस-880 आलं आणि टेपची जागा हार्ड डिस्कनं घेतली. बॉसच्या बीआर-8 मध्ये झिप डिस्क असायची, पुढं मेमरी कार्डं आली. 2009 च्या झूम आर-16 पर्यंत आठ माईक एकदम घेणारं यंत्र सेलवर चालू लागलं.

ही सगळी वंशावळ एकट्या माणसाची आहे. आधी गिटार वाजवायची, मग ती कानात ऐकत गायचं, मग तिसरा सूर चढवायचा. याला ओव्हरडब म्हणतात. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत ट्रॅकची संख्या छापलेली असते: आठ, सोळा, चोवीस. एका वेळी किती माईक आत घेता येतात, हा आकडा बारीक अक्षरांत असतो. टॅस्कॅमच्या डीपी-008 ईएक्समध्ये आठ ट्रॅक आहेत, पण एका वेळी दोनच भरता येतात. झूमच्या आर-8 चंही तेच. बॉसचं बीआर-800 एका वेळी चार घेतं. झूमच्या एच-6 ला चार माईक जोडता येतात आणि डोक्यावर स्वतःची जोडी असते. आर-16 आणि टॅस्कॅमचं डीपी-24 एसडी एकदम आठ घेतात. एकट्याला दोन पुरतात. भजनाला बारीक अक्षरांतला आकडाच कामाचा.

भजनावर ओव्हरडब करून पाहायला हरकत नव्हती आणि ऑपरेटरनं सुरुवातीला तेच केलं. पेटी आणि गाणं आधी, मृदंग मागाहून. ते जमेना, कारण अभंगाची लय एका जागी राहतच नाही. बुवा संथ उचलतात, टाळकरी चरण झेलतात, मृदंगवाला लग्गी लावतो, लय चढते आणि गजरात ती कुठल्या कुठं जाते. ती कुणी आधी ठरवत नाही; एकमेकांच्या तोंडाकडं आणि हाताकडं बघून ठरते. यंत्रातला टिकटिक करणारा मेट्रोनोम इथं दोन मिनिटांत मागं पडतो. शिवाय मृदंगाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक तासाभरात वाळू लागते. ती ओली करून पुन्हा जमवावी लागते आणि त्या वेळचा मृदंग पहिल्या अभंगातल्या मृदंगापेक्षा वेगळा बोलतो. तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या भजनात हे सगळं उघडं पडतं.

मग आठही माईक एकदम. बुवांना एक, पेटीला एक, मृदंगाच्या दोन तोंडांना दोन, टाळकऱ्यांच्या झिलीसाठी दोन आणि समोर थोडे उंचावर, सगळं ऐकणारे दोन. कागदावर प्रत्येकाचा आवाज वेगळा. प्रत्यक्षात ऑपरेटरनं माझ्या कानाला हेडफोन लावला, एकट्या पेटीचा ट्रॅक चालू केला, आणि मला ऐकू आला तो टाळ. बुवांच्या ट्रॅकवर टाळ, मृदंगाच्या दोन्ही ट्रॅकवर टाळ. आठ ट्रॅकांत आठ टाळ.

मी त्या संध्याकाळचा उरलेला वेळ या टाळापाशीच घालवला. काशाच्या दोन वाट्या, मधून दोरी. ठोक्याच्या पहिल्या क्षणी आवाजाचं टोक इतकं वर जातं की मीटरचा लाल दिवा लागेपर्यंत ते ओसरलेलंही असतं. मोबाइलवर भजन का बिघडतं, त्याचं एक कारण हेच: फोन पातळी आपोआप सांभाळतो, टाळ वाजला की सगळाच आवाज दाबतो, मग हळूहळू सोडतो. बुवांचा गळा टाळागणिक बुडतो आणि वर येतो. या यंत्रात गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, हातानं लावता येतो, हा पहिला फायदा. रेकॉर्डिंग 24 बिटचं असल्यानं पातळी बरीच खाली ठेवली तरी खालचा भाग खरखरत नाही, हा दुसरा. ऑपरेटर सगळ्यात जोराचा गजर आधी वाजवून घेतो, मीटर बघतो आणि तिथूनही बटण जरा मागं घेतो. हल्ली 32 बिट फ्लोट प्रकारची यंत्रं निघाली आहेत, उदाहरणार्थ झूमचं छोटं आर-4. त्यांत पातळी चुकली तरी आवाज बहुधा मागाहून सावरता येतो. टाळासाठी ही मोठी सोय आहे. पण आर-4 मध्ये माईकच्या जागा दोनच.

पातळी सावरली तरी गळती उरते. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. दोन मीटरवरचा टाळ स्वतःच्या माईकला आधी आणि बुवांच्या माईकला सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की काही कंप एकमेकांना खातात आणि टाळ पोकळ, पत्र्यासारखा वाजू लागतो. उपाय जुने आहेत. माईक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माईक ठेवायचा. एका दिशेचं ऐकणारा माईक पाठीमागून बहिरा असतो, म्हणून त्याची पाठ टाळाकडे करायची. ऑपरेटर हे नियम म्हणून सांगत नाही. तो गुडघ्यावर बसून स्टँड चार बोटं सरकवतो, हेडफोन लावतो, पुन्हा सरकवतो. बुवांना उठवत नाही, विणेकऱ्याची जागा हलवत नाही. टाळकऱ्यांना तेवढं ‘आण्णा, जरा मागं सरकता का?’ म्हणतो. आण्णा सरकतात आणि रंगात आले की पुन्हा पुढं येतात.

हे बघताना 1902 आठवतं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माईक नव्हता, कर्णा होता. 1925 च्या आसपास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत आवाज कमी-जास्त करायचं बटणच नव्हतं. जोराचं वाद्य मागं, गाणारा कर्ण्याच्या तोंडाशी. माणसं कुठं बसली यावरच सगळं मिक्सिंग ठरायचं. आठ ट्रॅकचं यंत्र घेऊन करकंबचा ऑपरेटर त्याच जागी परत आला आहे, आणि ती जागा चुकीची नाही. याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या बाजूची पार्श्वभूमी असलेल्या 2016 च्या ‘सैराट’ चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. मोठ्या वाद्यवृंदातही माणसं एका दालनात एकत्र बसतात आणि प्रत्येक माईक शेजाऱ्याला ऐकतो. मुख्य आवाज बहुधा वर टांगलेले माईक देतात, जवळचे माईक आधारापुरते. आमचा ऑपरेटरही तिथंच पोचलाय: समोरच्या दोन माईकचे फेडर आधी वर, मग बुवांचा जरासा, मग पेटी. टाळकऱ्यांच्या माईकचे फेडर त्यानं बंदच ठेवले होते. टाळ पुरेसा होता.

इथवर कौतुक. आता अडचणी, आणि त्या खरोखर जास्त आहेत.

पहिली विजेची. डीपी-24 एसडी अडॅप्टरवरच चालतं. लाइट गेली की रेकॉर्डिंग गेलं. आणि नुसतं थांबलं नाही. रेकॉर्डिंग थांबवताना यंत्र फाइलचा शेवट लिहितं, मधेच वीज तुटली तर तो लिहायचा राहतो आणि झालेलं भजनही उघडेलच असं नाही. सेलवर चालणारं यंत्र इथं वाचवतं, पण कंडेन्सर माईकला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर चालू केली की सेल भराभर उतरतात. शिवाय मंडळाकडच्या आर-16 मध्ये ही सोय आठांपैकी दोनच जागांना आहे. मंडळाला हे खरं तर सोयीचंच: दोन कंडेन्सर माईक समोर आणि बाकीचे साउंडवाल्याकडचे साधे डायनॅमिक.

दुसरी अडचण कार्डाची. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 24 बिटांचा, या हिशेबानं एका ट्रॅकला मिनिटाला जवळपास आठ एमबी लागतात. आठ ट्रॅकचा तास पावणेचार जीबीच्या पुढं जातो, तीन तासांचं भजन साडेअकरा जीबीच्या घरात. 32 जीबीच्या कार्डात अशी दोन भजनं बसतात, तिसरं पुरं होण्याआधीच अडकतं. मग जुनं पुसायचं की नवं कार्ड घ्यायचं, हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि त्याचं उत्तर नेहमी घाईत दिलं जातं.

तिसरी भोंग्याची. गावाला भजन ऐकू आलं पाहिजे, म्हणजे तेच माईक मिक्सरमधून भोंग्यालाही जातात, आणि भोंग्याचा आवाज फिरून आठही माईकमध्ये येतो. आवाज बंद करा म्हणणारा ऑपरेटर या गावात टिकणार नाही. इथं वेगळं यंत्र घेण्यापेक्षा मिक्सर आणि रेकॉर्डर एकत्र असलेली जात बरी. झूमच्या लाइव्हट्रॅक मालिकेतली किंवा टॅस्कॅमच्या मॉडेल मालिकेतली यंत्रं बाहेर आवाजही देतात आणि आत ट्रॅक वेगळे ठेवतात. एकच केबल, एकच माणूस. एल-8 तर पेन्सिल सेलवरही चालतं. मंडळ आज नव्यानं खरेदीला निघालं असतं, तर मी त्यांना याच रांगेत उभं केलं असतं.

चौथी उन्हाळ्याची. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात रात्रीही पंख्याशिवाय बसवत नाही आणि उंचावरच्या दोन माईकना पंखा टाळाखालोखाल ऐकू जातो. पंखा बंद केला की बुवांचा घाम, चालू ठेवला की रेकॉर्डिंगला सतत घरघर.

पण या चारही अडचणी पैशांनी किंवा जुगाडानं सुटतात. पाचवी सुटत नाही. तीन तासांचे आठ ट्रॅक घरी नेऊन कुणीतरी ऐकायचे, पातळ्या जुळवायच्या, अभंग वेगळे काढायचे, खोकला आणि चहाचे कप कापायचे. तीन तासांच्या भजनाला यात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात, आणि ऑपरेटरचं पोट लग्नसराईवर चालतं. त्याच्या कपाटात न जुळवलेल्या भजनांची कार्डं साचली आहेत. मंडळातले लोक अधूनमधून विचारतात, ‘आमचं भजन झालं का?’ तोवर फोनवर घेतलेलं, टाळानं दबलेलं भजन व्हॉट्सअॅपवर गावभर फिरून आलेलं असतं.

म्हणून कुठल्याही भजनी मंडळानं दुकानात जाण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: मागाहून हेडफोन लावून बसणारा माणूस आपल्यात कोण? तो नावानिशी सांगता आला, त्याला वेळ असला आणि मंडळ त्या वेळेचे पैसे द्यायला तयार असलं, तर एकदम आठ माईक घेणारं, सेलवर चालणारं यंत्र खुशाल घ्यावं. नसेल, तर आठांचा मोह सोडावा. दोन चांगले माईक असलेला हातात मावणारा रेकॉर्डर घ्यावा, तो बुवांसमोर उंचावर ठेवावा, गेन खाली ठेवावा आणि जो वेळ वाचेल तो टाळकरी कुठं बसवायचे हे ठरवण्यात घालवावा. ते भजन त्याच रात्री ऐकता येईल.