वेळेवर सुटणारी रिकामी गाडी



मोटारींचा अड्डा आणि एस. टी.चें स्थानक हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें आहेत, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. दोन्ही ठिकाणीं गाड्या उभ्या असतात, दोन्ही ठिकाणीं चहाचें दुकान असतें आणि दोन्ही ठिकाणीं बोचकीं सांभाळीत बसलेलीं माणसें असतात. परंतु या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. अड्ड्यावरील गाडी भरली म्हणजे सुटते. स्थानकावरील गाडी वेळ झाली म्हणजे सुटते. भेद दिसावयास लहान आहे. पण सरकारनें प्रवासी वाहतूक आपल्या हातीं कां घेतली, तिच्यांत तोटा कां येतो, आणि तो तोटा कोणत्या जातीचा आहे, हे सर्व प्रश्न या एका भेदांतूनच निघतात. म्हणून आजच्या भाषणांत मी त्याचाच थोडा विस्तार करणार आहें.

एस. टी. येण्यापूर्वीं आपल्याकडे खासगी सर्व्हिस मोटारी चालत. त्यांचीं वर्णनें मीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकलेलीं आहेत. मालक किंवा त्याचा माणूस गांवच्या चौकांत उभा राहून उतारू गोळा करी. "हे काय, निघालोंच" असें सांगून बसविलेल्या उतारूस तास-दीड तास खोळंबून राहावें लागे. आणि शेवटीं गाडी निघे ती आंत दाटीवाटी व टपावर ओझें अशा थाटानें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली तेव्हां कोळशाची भट्टी लावलेल्या, गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आल्या, आणि प्रवासाचा उरलासुरला भरंवसाही गेला. यांत मालकांचा दुष्टपणा होता असें मात्र समजूं नये. ज्याची एकच गाडी आहे, त्यानें ती रिकामी हांकणें म्हणजे स्वतःच्या पदरचें तेल जाळणें होय. आजची रिकामी फेरी उद्यांची भरलेली फेरी भरून काढील याची त्यास शाश्वती नसते. म्हणून तो थांबतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें परवान्यांची पद्धति घालून दिली, तरी एकेका मालकाच्या पोटाचा हा हिशेब कायद्यानें बदलण्यासारखा नव्हता. तो बदलावयाचा तर शेकडों गाड्यांचा जमाखर्च एका वहींत यावयास हवा होता.

अशी एक वही आपल्या शेजारीं निजामाच्या राज्यांत आधींच उघडली गेली होती. १९३२ च्या जून महिन्यांत तेथील सरकारी रेल्वेनें २७ मोटारी घेऊन रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. आपला मराठवाडा तेव्हां त्याच राज्यांत होता. मुंबई राज्यांत १९४८ च्या १ जूनला पुणें आणि अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धांवली. निळा रंग, रुपेरी टप, लांकडी सांगाडा आणि काथ्याच्या बैठकी असें त्या गाड्यांचें रूप होतें. तांबडा रंग पुढें आला. १९५० सालीं केंद्र सरकारनें मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य स्थापन झालें, आणि पुढल्याच वर्षीं मराठवाडा व विदर्भ येथील सरकारी मोटारसेवा आपल्या महामंडळांत येऊन मिळाल्या.

या १९५० च्या कायद्यांतील दोन कलमें लक्ष देऊन वाचण्याजोगीं आहेत. अठराव्या कलमांत महामंडळाचें कर्तव्य सांगितलें आहे: लोकांना कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट जुळविलेली वाहतूक पुरविणें. बाविसाव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, महामंडळानें आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. एखाद्या सुनेस सासूनें सांगावें कीं, दारीं आलेल्या कोणाही पाहुण्यास उपाशी पाठवूं नकोस, आणि त्याच श्वासांत बजावावें कीं, वाण्याची उधारी वाढतां कामा नये. तसा हा प्रकार आहे. दोन्ही आज्ञा वाजवी आहेत. त्या एकाच स्वयंपाकघरांत पाळावयाच्या आहेत, एवढीच अडचण.

आतां स्थानकाच्या रचनेकडे पाहूं. गाडी वेळेवर सुटावयाची असेल, तर उतारूंनीं आधीं येऊन थांबावयास हवें. म्हणून छप्पर आणि बांकें. कोणती गाडी कोठें लागेल हें आधीं ठाऊक असावयास हवें. म्हणून क्रमांक घातलेले फलाट. आणि गाडी खरोखरच निघाली कीं नाहीं, याची नोंद ठेवणारा कोणी तरी हवा. म्हणून वाहतूक नियंत्रकाची खोली. अड्ड्याला यांतलें कांहींच लागत नाहीं, त्यास एक वडाचें झाड पुरतें. गाडी फलाटास लागतांच वाहक आपला कागद घेऊन नियंत्रकाच्या खिडकीकडे लगबगीनें जातो, तें आपण नेहमीं पाहतों. तो चहाच्या घाईनें जात नाहीं (निदान केवळ चहासाठीं जात नाहीं). गाडी किती वाजतां आली आणि किती वाजतां निघणार, हें तेथें लिहिलें जावयाचें असतें. मग ध्वनिक्षेपकावरून त्या खरखरीत स्वरांत गाडीचें नांव, मार्ग आणि फलाट पुकारला जातो. "मार्गे" हा शब्द ज्यानें नीट ऐकला नाहीं, तो उतारू भलत्याच घाटानें घरीं पोहोंचतो.

आपल्याकडील बहुतेक स्थानकांत गाडी फलाटाकडे तोंड करून उभी राहते आणि निघतांना तिला मागें घ्यावें लागतें. असें केल्यानें थोड्या जागेंत पुष्कळ गाड्या मावतात. उलटपक्षीं, गाडी मागें घेतेवेळीं वाहकास खालीं उतरून चालकास हाका द्याव्या लागतात, आणि मागून जाणाऱ्या माणसांनीं आपला जीव आपण सांभाळावा लागतो. मोठ्या शहरांत दिशेप्रमाणें स्थानकें वेगळीं ठेवण्याचाही प्रघात आहे. पुण्यास सातारा-कोल्हापूरकडील गाड्या स्वारगेटाहून, तर नाशिक-नगरकडील शिवाजीनगराहून सुटत आल्या; हेतु हा कीं, लांबच्या गाडीनें शहराच्या पोटांतून जाऊं नये. मेट्रोच्या कामासाठीं २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगरचें स्थानक वाकडेवाडीस हलविलें गेलें, तेंही त्याच दिशेच्या रस्त्यावर.

भाड्याची आकारणी सहा किलोमीटरच्या टप्प्यानें होते, माणूस पाहून होत नाहीं. पूर्वीं वाहकाच्या हातीं रंगीत तिकिटांची पेटी आणि छिद्र पाडण्याचा चिमटा असे. त्या चिमट्याची टकटक अजून अनेकांच्या कानांत असेल. आतां तें काम हातांतलें यंत्र करतें. कोणत्या टप्प्यावर गाडींत किती माणसें होतीं, हें त्यामुळें कार्यालयांत बसून कळतें. आणि येथूनच तोट्याचा प्रश्न सुरू होतो.

एक गाडी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. ती पहाटें साडेपांच वाजतां एका आडगांवाहून तालुक्यास निघते. तींत आठ-दहा दूधवाले, कांहीं मजूर आणि शाळेचीं मुलें असतात. दहा वाजतां तीच गाडी तालुक्याहून जिल्ह्याच्या गांवीं जाते, तेव्हां तींत उभें राहावयास जागा नसते. दुपारीं ती परत येते. सायंकाळीं ती पुन्हा आडगांवीं जाते आणि शेवटच्या दोन टप्प्यांत तींत चालक, वाहक आणि एखादी बाजारकरीण एवढींच माणसें उरतात. रात्रीं गाडी तेथेंच राहते. हिला आपण मुक्कामी गाडी म्हणतों. चालक-वाहक गांवच्या देवळांत नाहीं तर चावडींत पथारी टाकतात. माझ्या शाळेच्या ओसरीवरही त्यांनीं अनेक रात्री काढल्या आहेत, आणि कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी येई. गाडी मुक्कामास ठेवण्यांत मोठें शहाणपण आहे. ती आगारांत परतली असती, तर सकाळची फेरी देण्यासाठीं तिला पुन्हा अंधारांत रिकामी यावें लागलें असतें.

आतां फेरीफेरीचा हिशेब मांडला, तर सायंकाळची फेरी तोट्याची ठरते आणि ती बंद करावी असें कोणीही हुशार हिशेबनीस सांगेल. परंतु सकाळीं गांवांतून निघालेल्या मनुष्यास सायंकाळीं परतावयाचें असतें. परतीची सोय नाहीं असें कळलें कीं तो सकाळींही येत नाहीं. मग सकाळची फेरीही तोट्यांत जाते, आणि जिल्ह्याच्या गाडींतलें तिचें उतारूही कमी होतात. म्हणून तोटा मोजावयाचा तो सबंध फेऱ्याचा, एका फेरीचा नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे. शाळामास्तरास ही गोष्ट हजेरीपटावर दिसते. खेड्यांतील कित्येक माध्यमिक शाळांची घंटा एस. टी.च्या वेळेशीं जुळवून वाजते. विद्यार्थ्यांस मासिक पास एक-तृतीयांश भाड्यांत मिळतो, आणि ग्रामीण भागांतील मुलींस बारावीपर्यंत तो विनामूल्य आहे. पण पास विनामूल्य असून पांचची गाडी नसेल, तर आई-बाप मुलीस आठवीनंतर घरीं ठेवतात. मुलगा सायकलवर किंवा कोणाच्या तरी दुचाकीवर मागें बसून येतो. मुलीचें नांव पटावरून गळतें.

सवलतींविषयीं शहरांत बरेंच उपहासानें बोललें जातें. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस भाडें माफ झालें आणि २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस निम्मे भाडें झालें. गाड्या त्यामुळें भरल्या, हें स्थानकावर तासभर बसलें तरी दिसतें. सवलतीची रक्कम सरकारनें महामंडळास भरून द्यावयाची असते. ती वेळेवर आली तर ती सरकारची सवलत. उशिरा आली तर ती महामंडळानें सरकारास दिलेली उसनवारी.

खासगी आरामगाड्यांनीं मोठ्या शहरांमधील उतारू नेले, ही तक्रार खरी आहे. पण ज्यास रात्रीं निजून जावयाचें आहे त्यानें त्या गाडीनें कां जाऊं नये? अडचण एवढीच कीं, भरलेल्या फेऱ्या त्यांच्याकडे गेल्या आणि आडगांवची फेरी एस. टी.कडे राहिली, एकाच वहींतलीं जमेचीं पानें फाडून नेल्यासारखें झालें. गंमत अशी कीं, २०१८ सालीं राज्य सरकारनें खासगी गाड्यांस कमाल भाडें ठरवून दिलें, तें एस. टी.च्या भाड्याच्या दीडपट असें. म्हणजे जी गाडी मागें पडली असें आपण म्हणतों, तिच्याच गजानें पुढच्या गाडीचें कापड मोजलें जातें.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. महामंडळ राज्य सरकारांत विलीन करावें, ही त्यांची मुख्य मागणी होती. ती योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न मोठा आहे आणि त्यास येथें हात घालीत नाहीं. पण त्या महिन्यांत खेड्यापाड्यांत काय झालें, तें आपल्या विषयाचें आहे. स्थानकें ओस पडलीं आणि त्यांच्या बाहेर वडापच्या जीपगाड्या उभ्या राहिल्या. त्या भरल्या म्हणजे सुटत. वडिलांच्या तोंडून ऐकलेला अड्डा आमच्या पिढीनें पुन्हा पाहिला, तो असा.

आतां विजेच्या गाड्या आल्या आहेत. २०२२ च्या १ जूनला 'शिवाई' नांवाची पहिली विजेची गाडी सुटली, तीही पुणें-अहमदनगर याच रस्त्यावर. या गाड्यांस आवाज नाहीं आणि धूर नाहीं. परंतु त्यांत वीज भरावयास वेळ लागतो, आणि ती सोय आधीं मोठ्या स्थानकांत होते. अशी गाडी आडगांवीं मुक्कामास राहावयाची, तर देवळाशेजारीं, चावडीशेजारीं किंवा शाळेच्या ओसरीपाशीं रात्रभर पुरेल अशी वीज द्यावी लागेल. नाहीं तर तिला रोज रात्रीं रिकामी आगारांत परतावें लागेल, आणि पहाटें साडेपांचच्या फेरीसाठीं पुन्हा रिकामी यावें लागेल.