गोळी मिळते, सोबत मिळत नाही

एचआयव्हीवरची औषधं आपल्याकडे 2004 पासून सरकारी एआरटी सेंटरमध्ये मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबतो, आणि दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे इथे उपचार हाच प्रतिबंधही आहे. तरीही गोळी सुटण्याचं प्रमाण जगभर पौगंडावस्थेत जास्त दिसतं. जन्मतःच संसर्ग झालेल्या मुलाला घरचे ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं चुचकारतात. खरं कळतं तेव्हा तो ऐन रागाच्या वयात आलेला असतो. होस्टेलवर डबीवरचं लेबल खरवडायचं आणि रूममेट झोपेपर्यंत थांबायचं. त्याला टेबलापलीकडून ‘गोळी चुकवू नकोस’ एवढंच ऐकवून काय साधणार?

झिम्बाब्वेत यावर वेगळी वाट काढली गेली. हरारेत 2004 मध्ये ‘झ्वांदिरी’ नावाचा किशोरवयीनांचा आधारगट सुरू झाला. पुढे स्वतः एचआयव्हीसह जगणारे 18 ते 24 वयाचे तरुण प्रशिक्षण घेऊन दवाखान्यांच्या कामात आले. ते धाकट्यांच्या घरी जातात, मोबाइलवर आठवण करतात, गोळी का राहिली ते न ओरडता विचारतात. प्रकरण आवाक्याबाहेरचं वाटलं तर नर्सला कळवतात. या पद्धतीची 16 दवाखान्यांतल्या सुमारे पाचशे मुलामुलींवर 96 आठवडे चाचणी झाली, निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत विषाणू न दबलेले किंवा दगावलेले 36 टक्के होते, तर ही सोबत मिळालेल्यांत 25. चारांतला एक तरीही निसटला, हे लपवायचं कारण नाही. पण दोन्हीकडे दवाखान्यातले उपचार तेच होते. फरक पाडला तो माणसांनी.

देशात एचआयव्हीसह जगणारे सर्वाधिक लोक महाराष्ट्रात आहेत, तेव्हा हा प्रयोग आपल्याही कामाचा आहे. त्यावर पहिला आक्षेप येईल तो गुप्ततेचा, आणि तो रास्त आहे. आपल्या चाळीत अनोळखी मुलगा दर आठवड्याला दारात आला की शेजारी चौकशी करणारच. म्हणून भेट घरी, सेंटरवर की फोनवर, हे त्या मुलानेच ठरवावं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने घातलेलं गोपनीयतेचं बंधन या सोबत्यालाही लागू असावं. आउटरीच कार्यकर्ते आहेतच की, असंही कुणी म्हणेल. उपचार सोडलेल्यांना शोधून आणण्याचं काम ते करतात, पण काका-मावशीच्या वयाच्या माणसापाशी सतरा वर्षांची मुलगी आपल्या मित्राविषयी बोलेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. खरी अडचण तिसरी: विशीतल्या पोरावर दुसऱ्यांच्या दुःखाचा भार का टाकायचा? टाकायचा असेल तर त्याच्या पाठीशी अनुभवी समुपदेशक हवा, त्याच्याकडे सोपवलेल्या मुलांची संख्या मर्यादित हवी आणि दरमहा वेळेवर पगार हवा. आपल्याकडे अशा कामाची बोळवण टोपी नि प्रमाणपत्रावर होते. मग पहिली बरी नोकरी लागताच तो निघून जातो, आणि ज्यांनी मोठ्या मुश्किलीने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली होती, त्या मुलांना पुन्हा एका नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.