न दिसणाऱ्याचं चित्र

चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते गोल, वेटोळी आणि रंग. मग ते बघायचं कसं? आज आम्ही सांगतोय स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटबद्दल.

हिल्मा जन्मली १८६२ मध्ये. फुलापानांची हुबेहूब चित्रं काढण्यात तिचा हात बसलेला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. डोळ्यांना दिसत नाही तेही असतं, हे विज्ञानानं दाखवलं. हिल्माला अध्यात्माचीही ओढ होती. न दिसणारंच रंगवायचं तिनं ठरवलं.

१९०७ मध्ये तिनं बालपणापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास दहा चित्रांत मांडला. प्रत्येक चित्र तीन मीटरहून उंच! रंग अंड्याच्या बलकात कालवलेला, म्हणून तो तेलरंगासारखा चकाकत नाही. तिच्यासाठी निळा म्हणजे स्त्री, पिवळा म्हणजे पुरुष.

हिल्मा १९४४ मध्ये गेली. अमूर्त चित्रकलेच्या इतिहासात पहिलं नाव मात्र बरीच वर्षं पुरुषांचंच घेतलं गेलं. तिची चित्रं आणि वह्या जपून राहिल्या, म्हणून ती आधीची हे आज सांगता येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, आपण शिवलेल्या गोधडीवरही आपलं नाव आणि साल टाचून ठेवूया.