शिष्यपरीक्षेच्या आधी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. शास्त्रपरीक्षा, आचार्यपरीक्षा आणि शिष्यपरीक्षा आपल्या लक्षात राहतात. परंतु त्याही आधी वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने कार्याचे गुरुलाघव, कर्मफल, अनुबंध, देश आणि काल यांचा विचार करावा, असे आचार्यांनी सांगितले आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण होत आली, तरी आपल्या विद्यार्थ्याला यांविषयी सहसा कोणी विचारलेले नसते.

येथे आमची एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका हुशार विद्यार्थ्याला आम्ही गावी जाऊन स्वतंत्र दवाखाना काढण्याचा सल्ला दिला. आम्ही स्वतः तसे केले होते, एवढेच त्यामागील कारण! त्याचे शैक्षणिक कर्ज, धाकट्या बहिणीचे शिक्षण, यांची चौकशी आम्ही केली नाही. आमच्या दवाखान्याची जागा वडिलोपार्जित होती, हेही सांगावयाचे राहिले. वर्षभरात दवाखाना बंद करून तो शहरातील एका रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी झाला. त्या नोकरीत कमीपणा मुळीच नाही. पण ती त्याने निवडलेली नव्हती.

तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही सल्ला देत नाही. घरी दरमहा किती रक्कम द्यावी लागते? उत्पन्नावाचून किती महिने निभावतील? पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा विचार खरा आहे, की निर्णय पुढे ढकलण्याचा तो मार्ग आहे? (या प्रश्नाला बहुतेक जण हसतात, आणि मग खरे बोलू लागतात.) त्यानंतर आम्ही आमची जुनी वही त्याच्यापुढे ठेवतो. पहिल्या तीन वर्षांचे भाडे, औषधांची उधारी, एकही रुग्ण न आलेल्या सायंकाळी, सारे तीत आहे. यशाच्या कथा त्याने समारंभांतून पुष्कळ ऐकलेल्या असतात.

औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंचे साहाय्य येथे विशेष मोलाचे ठरेल. निर्मितीच्या परवान्यासाठी पूर्णवेळ तांत्रिक व्यक्ती लागते आणि आयुर्वेदाचा पदवीधर त्या पदास पात्र असतो, हे अनेक विद्यार्थ्यांच्या ध्यानीही नसते. त्यांना पंधरा दिवस कारखान्यात येऊ द्यावे. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल कशी येते, ती कशी ओळखावी, एखादा माल परत का पाठवावा लागतो, हे हाताने पाहिल्यावर द्रव्यगुणाचा विषय त्याला निराळा दिसू लागतो. कोणाला तेथेच आपली वाट सापडेल. कोणाला हे काम आपले नव्हे, एवढे कळेल. दुसरा लाभही लहान नाही.

आमचा तो विद्यार्थी अलीकडे पुन्हा भेटला. कर्ज अद्याप फिटलेले नाही, म्हणून नोकरी सोडण्याचा विषय आम्ही काढला नाही. दर गुरुवारी त्याची सुटी असते. त्या सायंकाळी तो आता आमच्याच दवाखान्यात स्वतःचे रुग्ण पाहतो. जागेचे भाडे आम्ही घेत नाही. गेल्या गुरुवारी सात रुग्ण होते.