उपग्रहातील लिडार आणि हवेतील सूक्ष्म कण

वाळवंटातील धूळ, वणव्यांचा धूर, समुद्राच्या तुषारांतून उडालेले मिठाचे कण अशा हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या समूहास शास्त्रज्ञ वायुकलिल म्हणतात. हे कण किती आहेत एवढेच कळून भागत नाही. ते किती उंचीवर आहेत हेही कळावे लागते. दक्षिण आफ्रिका खंडातील गवताळ रानांत दरवर्षी लागणाऱ्या वणव्यांचा धूर अटलांटिक महासागरावर पसरतो. काळसर समुद्रावर तरंगताना तो सूर्यप्रकाश परत पाठवून पृथ्वीस थंडावा देतो. तोच धूर शुभ्र ढगांच्या वर असला, तर ढगांनी परतविलेला प्रकाशही शोषून हवा तापवितो. वरून घेतलेल्या साध्या छायाचित्रात मात्र ही उंची उमटत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिका व फ्रान्स यांच्या अंतराळ संस्थांनी २८ एप्रिल २००६ रोजी कॅलिप्सो हा उपग्रह सोडला. सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून त्यातील लिडार दर सेकंदास सुमारे वीस लेसर स्पंद खाली सोडी व कणांवरून परतणारा क्षीण प्रकाश १ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपी. प्रकाश परतण्यास लागलेल्या वेळेवरून उंची ठरे. एक मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे १५० मीटर. रात्रीची नोंद अधिक स्वच्छ येई, कारण दिवसा उन्हाचा उजेड त्यात मिसळे.

लिडारचा प्रकाश दोन तरंगलांबींचा होता : ५३२ नॅनोमीटरचा हिरवा व १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त. दोहोंच्या तुलनेवरून कणांच्या आकारमानाचा अंदाज येई. शिवाय गोल थेंबावरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण जवळजवळ कायम राहते, तर धुळीच्या वेड्यावाकड्या कणांमुळे ते बदलते. धूर आणि धूळ यांतील भेद प्रामुख्याने यावरूनच ओळखला जाई.

तथापि, एक अडचण होती. परतलेल्या प्रकाशावरून एकूण किती प्रकाश अडला हे काढण्यासाठी कणांच्या प्रकारानुसार एक गुणोत्तर गृहीत धरावे लागे. प्रकार ओळखण्यात चूक झाली की उत्तरही चुके.

कॅलिप्सोचे कार्य २०२३ मध्ये संपले. २८ मे २०२४ रोजी युरोप व जपान यांनी सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहातील लिडारने या अडचणीवर उपाय योजला आहे. हवेचे रेणू अतिवेगाने धावत असल्याने त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित पसरते. जड कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाची तशी पसरत नाही. त्यामुळे दोन्ही निराळे करता येतात. रेणूंकडून किती प्रकाश यावा हे आधीच ठाऊक असल्याने त्यात आलेली घट म्हणजे कणांनी अडविलेला प्रकाश होय, आणि तो गृहीतकाविना मोजता येतो.