मध न खाणाऱ्यांची मधमाशीला भेट

दिवाळी जवळ आली की व्यापारी घराण्यांत भेटींच्या याद्या होऊ लागतात. जुने ग्राहक, आडते, वाहतूकदार, सोयरे, शेजारी; एकही नाव सुटू नये म्हणून गेल्या वर्षीची यादी शोधून काढली जाते. पूर्वी या घरांतून घरच्या शंकरपाळ्यांचा डबा जात असे. आता सजविलेली टोपली जाते आणि तिच्यात सुक्यामेव्याच्या शेजारी पुष्कळदा मधाची बाटली असते. आपल्या घरी ती उघडली जात नाही. ती कपाटात पडून राहते किंवा तशीच पुढच्या घरी रवाना होते.

मधाचा त्याग आपल्याला नवा नाही. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या मूलगुणांत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग सांगितला आहे. श्वेतांबर परंपरेत मध हा चार महाविगयांपैकी एक मानला आहे. परंतु मध वर्ज्य केला म्हणजे मधमाशीचे आपण काहीच घेत नाही, असे समजणे हिशेबाला धरून होणार नाही. किराणा दुकानाच्या फळीवर नजर टाकावी. धने, बडीशेप, ओवा, मोहरी, वेलदोडे, सूर्यफुलाचे तेल. या सर्व पिकांची फलधारणा मधमाश्यांमुळे वाढते. वेलदोड्याचे पीक तर फार मोठ्या प्रमाणात त्यांच्यावरच अवलंबून असते. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांना कमीअधिक प्रमाणात परागवाहक जीवांची मदत लागते. बँकेत हयात घालविलेल्या माणसाला हे असे दिसते, की मधमाशीच्या खात्यातून आपण पिढ्यान्‌पिढ्या उचल करीत आलो. भरणा मात्र फारसा केला नाही.

उलट, दिवाळीच्या साफसफाईतच तिच्यावर संक्रांत येते. पावसाळा सरला की आग्यामाश्या उंच इमारतींच्या सज्जांखाली पोळी बांधू लागतात. एका पोळ्यावर हजारो माश्या असतात. रहिवासी घाबरतात, औषध फवारणाऱ्यास बोलावणे जाते आणि सकाळी आवारात मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतही चौथ्या मजल्याखाली पोळे लागले आणि फवारणीचा प्रस्ताव सभेपुढे आला. तेव्हा एका वयोवृद्ध श्राविकेने शांतपणे विचारले, “संवत्सरीला आपण ज्या सर्व जीवांची क्षमा मागितली, त्यांत या माश्या होत्या की नव्हत्या?” सभा स्तब्ध झाली. अखेर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या लावाव्यात, तेथे फटाके वाजवू नयेत आणि रात्री गच्चीवरचे प्रखर दिवे मालवावेत, असे ठरले. एका मुलाला डंख झाला, हेही सांगितले पाहिजे. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी माश्या आपणहून उडून गेल्या आणि मागे केवळ रिकामे मेण राहिले. जेथे पोळे दाराशीच आहे किंवा घरात कोणाला डंखाची तीव्र ॲलर्जी आहे, तेथे प्रशिक्षित माणसाची मदत घ्यावीच; मात्र तो माश्या हलविणार आहे की मारणार आहे, हे आधी विचारून घ्यावे.

म्हणून यंदाच्या भेटींच्या यादीत मधमाशीचेही नाव घालावे, अशी विनंती आहे. त्यास फार खर्च नाही. पर्युषण आटोपून दिवाळीपर्यंत जो अवधी मिळतो, तो पुरेसा आहे.

पहिली भेट तुळशीच्या रोपाची. मंजिऱ्या चुरून बी मातीवर पसरावे, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि हलके पाणी शिंपडावे. आठ-पंधरा दिवसांत अंकुर येतात. चार-सहा पानांची रोपे मातीच्या लहान कुंड्यांत लावून, बाहेरून गेरूचा हात देऊन भेट द्यावी. सोबत चिठ्ठी असावी, की सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत, काही माश्यांसाठी राखाव्यात.

दुसरी भेट बियांच्या पुडीची. दुकानातील जुन्या कापडाच्या तुकड्यांच्या लहान पिशव्या घरातील मुलांकडून शिवून घ्याव्यात आणि त्यांत धने, मोहरी, सूर्यफूल आणि एकेरी पाकळ्यांच्या झेंडूचे बी भरावे. बी औषध न लावलेले असावे. कोथिंबीर कापून घेतल्यावर दोन-चार रोपे फुलू द्यावीत. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर माश्या आवडीने येतात.

तिसरी भेट पाण्याची. मातीच्या पसरट परळात धुतलेले खडे ठेवून ते द्यावे. खड्यांची टोके पाण्यावर राहिली, म्हणजे माशी त्यांवर बसून पिऊ शकते, बुडत नाही. पाणी गाळून घालावे आणि रोज बदलावे, म्हणजे त्यात डासांची अंडीही साचत नाहीत. साखरेचे पाणी मात्र ठेवू नये. फराळाचा पाक आणि मिठाईची ताटे झाकलेली असावीत. उघड्या पाकात किती माश्या बुडतात, हे मिठाईवाल्यांना ठाऊक आहे.

कुंडीतील झाडांवर कीटकनाशक मारण्याची सवयही सोडावी. इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या वर्गातील आणखी दोन औषधांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने २०१८ साली मधमाश्यांच्या रक्षणासाठीच बंद केला. ते औषध आपल्याकडे सहज मिळते. पिठ्या ढेकूण दिसल्यास ती फांदी छाटावी किंवा पाने ओल्या फडक्याने पुसावीत.

दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात साधूच्या गोचरीला भ्रमराची उपमा दिली आहे. भ्रमर फुलाला न दुखविता आपल्यापुरता रस घेतो, तसाच साधू गृहस्थाला भार न होता आहार घेतो. ज्या समाजाच्या साधूंना भ्रमर हा आदर्श वाटला, त्या समाजाच्या गॅलरीत त्याच्या जातीच्या जीवांसाठी एक फुललेली कुंडी आणि परळभर पाणी असावे, हे उचितच आहे.

तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या घरात असतील, तर बी या आठवड्यातच पेरावे. दिवाळीची रोपे वेळेवर तयार होतील.