ब्रिटनचा प्रायोजक परवाना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशातील कुशल कर्मचारी नेमू पाहणाऱ्या ब्रिटनमधील मालकाला तेथील गृहखात्याकडून प्रायोजक परवाना, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातले ‘स्पॉन्सर लायसन्स’, घ्यावा लागतो. तो एकदा हाती आला की हवी ती व्यक्ती हव्या त्या कामावर आणता येते, असा समज मालक आणि उमेदवार या दोघांतही आढळतो. वस्तुतः परवान्याने केवळ मालकाची पात्रता मान्य होते. त्यानंतर प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी स्वतंत्र प्रायोजकत्व प्रमाणपत्र द्यावे लागते. ते नावापुरते प्रमाणपत्र असून प्रत्यक्षात गृहखात्याच्या संगणक प्रणालीतील एक क्रमांकित नोंद असते, आणि ब्रिटनबाहेरून येणाऱ्या कुशल कर्मचाऱ्यासाठी ती करण्यापूर्वी त्या विशिष्ट पदाचा तपशील कळवून वेगळी संमती मिळवावी लागते. त्या क्रमांकाच्या आधारे व्हिसाचा अर्ज उमेदवार स्वतः करतो, आणि तोही नाकारला जाऊ शकतो. २२ जुलै २०२५ पासून पद सर्वसाधारणपणे पदवीच्या पातळीचे असावे लागते, तर वेतन, काही सवलती सोडल्यास, वर्षाला किमान ४१,७०० पौंड किंवा त्या व्यवसायाचा ठरलेला दर, यांपैकी जे अधिक असेल तितके असावे लागते.

परवाना केवळ बड्या कंपन्यांना मिळतो, ही समजूतही खरी नाही. एप्रिल २०२५ च्या दरांनुसार लहान व्यवसायांना आणि धर्मादाय संस्थांना ५७४ पौंड, तर मोठ्यांना १,५७९ पौंड शुल्क होते. पद आधी स्थानिकांसाठी जाहिरातीद्वारे खुले करण्याची जुनी सक्ती डिसेंबर २०२० मध्ये संपली. मात्र ते पद खरोखर अस्तित्वात आहे आणि व्हिसासाठी रचलेले नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी मालकावर कायम आहे.

सगळा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करता येतो, हा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे. कौशल्य आकार, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्यामागे मालकाकडून सरकार घेत असलेली रक्कम, कर्मचाऱ्याकडून कधीच वसूल करता येत नाही, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून कुशल कर्मचाऱ्यांच्या बाबतीत परवान्याचे व प्रमाणपत्राचे शुल्कही त्याच्या माथी मारणे हे परवाना रद्द होण्याचे कारण ठरू शकते. व्हिसाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार मात्र कर्मचारी स्वतः भरू शकतो. ‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ असे सांगत लाखो रुपये मागणारा दलाल म्हणूनच संशयास्पद मानावा.

एप्रिल २०२४ पासून दर चार वर्षांनी नूतनीकरण करण्याची अट काढल्याने परवाना आता कायमचा झाला, असे अनेकांना वाटते. उलट, नूतनीकरणाची वेळ येत नसल्याने देखरेख सततची झाली आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कर्मचारी विनापरवानगी सलग दहा कामाचे दिवस गैरहजर राहिला, तर पुढील दहा कामाच्या दिवसांत ते कळवावे लागते. पत्ते, वेतन आणि हजेरी यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि अधिकारी पूर्वसूचनेविनाही तपासणीस येऊ शकतात. त्रुटी आढळल्यास ‘अ’ दर्जाचा मालक ‘ब’ दर्जात उतरतो आणि नव्या कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रे देण्याचा त्याचा अधिकार थांबतो; परवाना रद्द झाल्यास सर्वसाधारणपणे किमान बारा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. या व्यवस्थेतील विषमता येथेच दिसते, कारण चूक मालकाची असली तरी निर्दोष कर्मचाऱ्याच्या व्हिसाची मुदतही बहुधा साठ दिवसांवर आणली जाते आणि तेवढ्यात त्याला दुसरा प्रायोजक शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो.

परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. तीत संस्थेचे नाव, शहर आणि दर्जा असतो, पण यादीत नाव असणे म्हणजे तेथे जागा रिकामी असणे नव्हे.